ग्रुपवरचे मौन म्हणजे संमती धरावी का?

बी-४०२ : सर्व सभासदांना नमस्कार. मुलांनी बागेत संध्याकाळी सातपर्यंतच खेळावे, हा प्रस्ताव परवा ग्रुपवर आला. काही मिनिटांत चार-पाच अंगठे आले, त्यांच्यामागून आणखी बरेच आले आणि रात्री ‘प्रस्ताव एकमताने मंजूर’ असा संदेश पडला. प्रस्ताव योग्य की अयोग्य, याबद्दल मी आज काहीही म्हणत नाही. ज्या पद्धतीने आपण हे एकमत मोजले, त्या पद्धतीत लोकांचे खरे मत बाहेर येत नाही, एवढेच मला मांडायचे आहे. त्यानंतर लिफ्टमध्ये आणि जिन्यात भेटलेल्या अनेकांनी ही वेळ पटलेली नसल्याचे मला सांगितले, आणि असे वाटणारे आपण एकटेच आहोत, अशी त्यांतल्या प्रत्येकाची समजूत होती.

ही मंडळी भित्री आहेत, असे कृपया कोणी समजू नये. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात केलेले प्रयोग या बाबतीत फार बोलके आहेत. समोर एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तेवढ्याच लांबीची कोणती ते विचारायचे, इतके साधे ते काम होते. एकट्याने उत्तर देताना त्यात क्वचितच कोणी चुके. मात्र खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवल्याप्रमाणे एकच चुकीचे उत्तर मोठ्याने देत आणि ज्याची खरी परीक्षा होती त्याची पाळी जवळजवळ शेवटी येई. अशा फेऱ्यांमधली सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्या चुकीच्या बहुमताला जाऊन मिळाली आणि सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी आपल्या डोळ्यांना दिसणारे सोडून इतरांचे म्हणणे बोलले. रेघेच्या लांबीबाबत ही गत, तर ज्यांच्याशी रोज गाठ पडते त्या शेजाऱ्यांसमोर, नावानिशी मत देताना काय होत असेल, याचा विचार व्हावा.

सचिव : आपला मुद्दा कळला. तरीही ग्रुपवर विरोध नोंदवायला कोणालाही मनाई नव्हती. जे सभासद जिन्यात बोलतात, त्यांनी इथेच लिहावे, अशी कमिटीची अपेक्षा चुकीची म्हणता येणार नाही.

ए-१०३ : सचिव महोदय, मी अनेक वर्षे मानसशास्त्र शिकवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. माणसे आधी विचार जुळवतात आणि मग गट करतात, असे आपण धरून चालतो. पुष्कळदा घडते ते नेमके उलट. लिओन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध केला. तिथे जसजशी घरे रिकामी होत तसतशी ती दिली जात, शेजारी निवडून घेण्याची सोय नव्हती. तरीही एकाच मजल्यावर लागून दार असलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांनी एकमेकांना जवळचे स्नेही म्हटले, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशी अधिक मैत्री होती, कारण जाता-येता त्यांचीच भेट होई.

आपल्या चर्चेच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. रहिवाशांच्या संघटनेबद्दल काय वाटते, हे विचारल्यावर एकेका अंगणाभोवतीच्या घरांचे मत बरेचसे सारखे निघाले, आणि ज्यांचे मत अंगणातल्या बाकीच्यांपेक्षा वेगळे होते त्यांना स्नेही म्हणून निवडणारेही कमी होते. वेगळे मत मांडण्याची किंमत नियमाने नव्हे, तर संबंधांनी वसूल होते. म्हणून ‘मनाई नव्हती’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. आपल्या तिन्ही विंगचे वेगळे ग्रुप आहेत, त्यांनाही हेच लागू पडते. समविचारी मंडळींनी आपापसांत चर्चा केली की मत मवाळ न होता अधिक टोकाला जाते, हे सर्ज मोस्कोव्हिसी आणि मारिसा झावालोनी यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले होते.

सी-२०१ : मॅडम, माहिती उत्तम आहे, पण गटाच्या प्रभावाकडे केवळ दोष म्हणून पाहणे मला पटत नाही. कचरा वेगळा करण्याची सवय आपल्याकडे सूचनाफलकामुळे लागली नाही. शेजारच्या दारात दोन डबे दिसू लागले, तेव्हा ती लागली. चार लोक काय म्हणतील, या विचाराने माणूस पुष्कळ चांगलेही वागतो. शिवाय गुप्त चिठ्ठ्यांवर सगळे सोपवले, तर मताची जबाबदारी कोणी घ्यायची?

बी-४०२ : आपले म्हणणे रास्त आहे. वागणुकीत गटाचा आधार हवाच. मत विचारताना मात्र तोच आधार दडपण होतो, आणि चिठ्ठीची गरज तेवढ्यापुरतीच आहे. ॲश यांच्याच प्रयोगांत उत्तर कागदावर लिहू दिले, तेव्हा बहुमतामागे जाण्याचे प्रमाण बरेच घटले. खोलीत एक जरी सोबती बरोबर उत्तर देऊ लागला, तरी ते पूर्वीच्या तुलनेत फारच खाली आले. आधी चिठ्ठीतून मत घेतले आणि आकडे सर्वांसमोर ठेवले, की वेगळे मत असणाऱ्याला आपण एकटे नाही हे कळते, आणि मग तो सभेत नाव देऊन, कारणांसह बोलू शकतो. जबाबदारी टळत नाही, ती चर्चेच्या वेळी घेतली जाते.

सचिव : कमिटीतील सदस्यांशी आत्ताच बोलणे झाले. बागेच्या वेळेचा निर्णय तूर्त स्थगित ठेवत आहोत. रविवारच्या सभेत प्रथम चिठ्ठ्या घेतल्या जातील, त्या सर्वांसमोर मोजल्या जातील आणि त्यानंतर चर्चा सुरू होईल. चर्चेनंतर अंतिम मतदानही चिठ्ठीनेच होईल. कमिटीचे सदस्य आपले मत सर्वांत शेवटी मांडतील. तोपर्यंत या विषयावर ग्रुपमध्ये अंगठे देऊ नयेत, ही विनंती.