मथळ्यासाठी ठसठशीत अरुंद सेरिफ: हवा की नको?

अक्षरवेडा
हल्ली मासिक असो, पोस्टर असो की वेबसाइट, मथळा सरसकट सॅन्समध्ये, म्हणजे रेघांच्या टोकांना कंगोरे नसलेल्या साध्या अक्षरांत. मला हे पटत नाही. मोठ्या मथळ्याला बोल्ड कंडेन्स्ड सेरिफच शोभतो, म्हणजे टोकांना छोटे कंगोरे असलेली जाड, अरुंद अक्षरं. अक्षरं अरुंद असल्यामुळे तेवढ्याच जागेत मथळा मोठ्या आकारात लावता येतो आणि सेरिफमुळे प्रत्येक अक्षराचा चेहरा टिकतो. सॅन्स फार आवळला की नुसते खांब उभे केल्यासारखे दिसतात. १९३७ सालचा ओनिक्स हा फॉन्ट बघा. काळ्याभोर उभ्या रेघा, त्यांना जोडणाऱ्या केसाएवढ्या बारीक रेघा. नजर खिळतेच!

रेघोटी
नजर खिळते, पण वाचून होतं का? रेघ जाड करायची आणि रुंदीही कमी करायची, म्हणजे अक्षराच्या पोटातली पांढरी जागाच खायची. त्याच ओनिक्समध्ये ‘मिनिमम’ हा शब्द लॅटिन लिपीत, स्मॉल अक्षरांत, फोनवर लहान आकारात लावून बघा. जोडणाऱ्या बारीक रेघा करड्या पडून विरतात आणि उरतात फक्त एकसारखे दांडे. एम कुठे संपला नि आय कुठे सुरू झाला, कळत नाही.

अक्षरवेडा
पण लहान आकारात लावायचाच कशाला? धातूच्या खिळ्यांनी छपाई व्हायची त्या काळात प्रत्येक आकाराचा ठसा वेगळा कोरत. लहान आकारात बारीक रेघा जरा जाड ठेवत, पोट मोकळं सोडत. एकच आराखडा सगळीकडे ताणायची सवय नंतरची आहे. तिचा दोष अक्षरवळणावर का?

छापखानावाले
दोघांचंही भांडण फक्त डिडोन घराण्याशी, म्हणजे ओनिक्ससारख्या खूप जाड आणि खूप बारीक रेघांच्या फॉन्टांशी चाललंय. चेल्टनहॅम हा सेरिफ फॉन्ट घ्या. त्याचंही बोल्ड कंडेन्स्ड रूप आहे, पण जाड-बारीक रेघांमधला फरक कमी, त्यामुळे रेघा तुटत नाहीत. न्यूयॉर्क टाइम्सने २००३ मध्ये मथळे याच कुटुंबात आणले, अक्षरकार मॅथ्यू कार्टर यांच्याकडून ते नव्याने रेखाटून घेऊन. रोजच्या बातम्यांना ते चालतं.

खरा वैताग आहे तो खोट्या कंडेन्स्डचा. साधा बोल्ड घ्यायचा आणि रुंदी ७५ टक्के करून मोकळं व्हायचं. उभ्या रेघा बारीक होतात, आडव्या तशाच राहतात, ‘ओ’ची गोलाई दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखी दिसते. अस्सल कंडेन्स्डमध्ये दांड्याची जाडी बऱ्यापैकी सांभाळून आतली जागा नव्याने बेतलेली असते. काळ्यावर पांढरी अक्षरं छापताना तर बारीक रेघेत शाई भरते, तिथे डिडोन नकोच.

रेघोटी
चेल्टनहॅम मान्य. पण अक्षरांच्या आवाजाचं, त्यांच्या सुराचं काय? जाडजूड फॅट फेस अक्षरं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये आली ती जाहिरातींसाठी. भिंतीवरच्या गर्दीत उठून दिसावं, हेच त्यांचं काम. तीच जात आज शोकलेखाच्या मथळ्याला लावतात. मला ते खटकतं, रेघा कितीही नीट छापल्या तरी.

अक्षरवेडा
शोकलेखाला मीही लावणार नाही. नाटकाच्या पोस्टरला मात्र त्याहून चांगलं सुचवा.

छापखानावाले
२०१६ मध्ये व्हेरिएबल फॉन्ट आल्यापासून अक्षरांची रुंदी आणि ऑप्टिकल साइज (अक्षर लहान-मोठं होईल तसं रेघांचं जाड-बारीकपण) एकाच फाइलमधून बदलता येतात, अर्थात फॉन्टकाराने ते अक्ष, म्हणजे बदलाच्या त्या सोयी, दिल्या असतील तर. फोनवर मथळा लहान झाला की बारीक रेघ आपोआप जाड होते. रेघोटी, ‘मिनिमम’ची परीक्षा अशा फॉन्टवर घेऊन इथे चित्र टाका.

रेघोटी
टाकते. पण फोनवरच्याच आकारात, मोठं करून नाही.