माहुलीच्या निर्माल्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार सातारकर मंडळी. यंदा गणपती विसर्जनाला आमच्या गल्लीतली पोरं संगम माहुलीला निर्माल्य गोळा करायला उभी राहणार आहेत. कृष्णा-वेण्णेच्या पात्रात हार-दूर्वा प्लॅस्टिकच्या पिशवीसकट भिरकावलेल्या बघवत नाहीत. गोळा होईल हो, पण पुढे काय? नायलॉनचा दोरा, जरी, थर्माकोल आम्ही निवडून काढू. ओल्या फुलांचा नुसता ढीग केला तर कुजून घाण सुटते, म्हणून मध्ये उसाच्या पाचटाचे थर द्यायचेत. जवळपास कुणाच्या शेतात खड्ड्यापुरती जागा आणि पाचट मिळेल का? खत त्यांनीच ठेवावं. शिवाय पीओपीची मूर्ती घरीच बादलीत विरघळवायला अमोनियम बायकार्बोनेट लागतं, ते साताऱ्यात घाऊक कुठे मिळेल?