समुद्रभिंत बांधली की समोरची पुळण का नाहीशी होते?

भरतीरेषा (प्रश्न)

किनाऱ्याची धूप थांबवण्यासाठी समुद्रभिंत, दगडी बंधारा, किनाऱ्याशी काटकोनात समुद्रात नेलेले बांध म्हणजे ग्रोइन, बाहेरून आणून टाकलेली वाळू, खारफुटीची लागवड असे अनेक उपाय वाचनात येतात. एका लेखात भिंत हा सर्वांत खात्रीचा उपाय असल्याचे म्हटलेले असते, तर दुसऱ्यात तीच भिंत धूप वाढवते असे तितक्याच ठामपणे लिहिलेले असते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात का? आणि टाकलेली वाळू काही वर्षांत वाहून जाणारच असेल, तर ती पुन्हा पुन्हा टाकण्याला उपाय म्हणावे की निव्वळ खर्च?

जुना अभियंता

दोन्ही विधाने खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या गोष्टींविषयी आहेत. भिंत राखते ती तिच्या मागची जमीन. पुढची पुळण राखणे हे तिचे काम नव्हेच. उतरत्या पुळणीवर लाट फुटते, वर चढते, तिचे काही पाणी वाळूत मुरते आणि तिचे बळ सरते. उभ्या भिंतीवर मात्र ती आदळून मागे फिरते आणि भिंतीच्या पायथ्याची वाळू उकरली जाते. त्यातच किनारा मुळात आत सरकत असेल, तर पाण्याची रेषा पुढून येत राहते, भिंत जागची हलत नाही आणि या दोहोंमध्ये पुळण दरवर्षी अरुंद होत जाते. अमेरिकेतील गॅल्व्हस्टन शहरात १९०० च्या चक्रीवादळात हजारो माणसे मृत्युमुखी पडल्यावर भिंत उभारण्यात आली. १९१५ च्या वादळात तिने शहर वाचवले, पण तिच्यापुढची पुळण झिजत गेली आणि पुढे तेथे बाहेरून वाळू आणावी लागली.

ग्रोइनविषयी थोडक्यात सांगायचे, तर ते वाळू अडवतात, निर्माण करत नाहीत. लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात, त्यामुळे वाळू किनाऱ्यालगत सतत एका दिशेने सरकत असते. ती वाटेत अडवली की एका बाजूला साचते आणि पलीकडचा किनारा उपाशी राहतो. हेच काम बंदराचे लाटरोधक बांधही करतात, मग त्यांचा हेतू काहीही असो. पुद्दुचेरी येथे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंदराचे बांध उभे राहिल्यावर त्यांच्या दक्षिणेस वाळू साचली आणि उत्तरेकडील शहराची पुळण खंगत गेली.

खाजण

वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र वरील चर्चेत धूप आणि पूर एकत्र आले आहेत असे वाटते. धूप हा वाळूच्या जमाखर्चाचा प्रश्न आहे, तर उधाणाचा पूर हा पाण्याच्या पातळीचा. नेदरलँड्समध्ये १९५३ च्या वादळी उधाणात १,८३६ माणसे दगावली, त्यानंतर उभी राहिलेली धरणे आणि दरवाजे हे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते. त्यांपैकी ऑस्टरस्केल्डची खाडी आधी कायमची बंद होणार होती. परंतु भरती-ओहोटीवर जगणारी तेथील जीवसृष्टी आणि शिंपल्यांचा व्यवसाय टिकावा म्हणून, केवळ वादळात खाली सोडले जाणारे दरवाजे बसवून ते काम १९८६ मध्ये पूर्ण करण्यात आले.

वाळूचे म्हणाल, तर त्याच देशाने १९९० पासून किनारारेषा मुख्यतः वाळू टाकूनच राखली आहे. २०११ मध्ये तर एकाच ठिकाणी सुमारे २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू रचून ती लाटांनी आणि वाऱ्याने आपोआप शेजारच्या किनाऱ्यावर पसरावी, असा प्रयोग करण्यात आला. म्हणजे वाळूचे वाहून जाणे हाच त्या योजनेचा भाग होता. रस्त्यावर पुन्हा डांबर टाकावे लागते म्हणून आपण रस्त्याला अपयशी म्हणत नाही. मात्र आणलेली वाळू मूळ वाळूपेक्षा बारीक असेल, तर ती फार लवकर निघून जाते.

खारफुटीविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. ती आडोशाच्या, चिखलाच्या आणि भरतीचे पाणी ठरावीक वेळच राहणाऱ्या जागी तगते. खुल्या वालुकामय किनाऱ्यावर लावलेली रोपे बहुतेकदा पहिल्याच वादळी ऋतूत जातात. तिच्या पट्ट्यात लाटांची उंची लवकर घटते, परंतु उधाणाने वाढलेली पातळी जाणवण्याइतकी उतरायला पट्टा किलोमीटरच्या हिशेबाने रुंद असावा लागतो.

भरतीरेषा

जमाखर्चाचा मुद्दा पटला. मग एखाद्या किनाऱ्यावर प्रत्यक्षात काय करावे, किंवा काही करावे की नाही, हे ठरवण्याआधी नेमके काय मोजावे?

जुना अभियंता

सर्वप्रथम ऋतूंचा फरक वगळावा. वादळी ऋतूत पुळणीची वाळू उतरून पाण्याखालच्या दांड्यात, म्हणजे वाळूच्या लांबट उंचवट्यात, साठते आणि समुद्र शांत झाला की बरीचशी परत येते. कितीतरी भिंती या हंगामी कापालाच कायमची धूप समजून घाईने बांधल्या गेल्या असाव्यात, असा माझा संशय आहे. काही न बांधणे हाही एक पर्याय असतो. अमेरिकेत केप हॅटरसचा दीपस्तंभ १९९९ मध्ये उचलून सुमारे ८८० मीटर आत नेण्यात आला, तर इंग्लंडमध्ये मेडमेरी येथे २०१३ मध्ये जुना बांध मुद्दाम फोडून नवा बांध आत घातला गेला आणि मधली जमीन भरतीला मोकळी करून दिली गेली. दाट वस्तीत हे सहजासहजी जमणार नाही, हे मान्यच आहे.

मोजणी दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच ठरलेल्या खुणांपासून आणि शक्यतो ओहोटीच्या वेळी करावी. ती पाण्याच्या कडेशी थांबवू नये. लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या पलीकडे, तळ स्थिर होईपर्यंत न्यावी, कारण हरवलेली वाटणारी वाळू अनेकदा तिथेच सापडते.