दुसरा रकाना : निवृत्तीनंतर एकत्र शिकण्याचे आणि जवळपास फिरण्याचे अनुभव

जमाखर्च

आज कपाट आवरताना आमच्या अभ्यासगटाची पहिली वही हाती लागली आणि आवरणे तिथेच थांबले. वही अकरा वर्षांपूर्वीची आहे. पहिल्या बैठकीला आम्ही चौदा जण जमलो होतो, आणि वहीच्या पहिल्या पानावर पट्टीने दोन रकाने आखले होते : डावीकडे ‘मला काय शिकायचे आहे’ आणि उजवीकडे ‘मला काय सांगता येईल’. डावा रकाना भरून पुढच्या पानावर गेला. उजवा मात्र चौदाही जणांनी कोरा ठेवला. मी स्वतः चौतीस वर्षे हिशेब तपासण्याचे काम केले होते, तरी त्यातले काही दुसऱ्याला सांगण्याजोगे असेल असे मला तेव्हा खरोखर वाटले नव्हते.

त्याच वहीत पुढे एका पानावर पेन्सिलीने काढलेले एक छोटे वर्तुळ आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत ठिपके आहेत. आमची पहिली सहल म्हणजे घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावरचे एक मोकळे मैदान, आणि तेही रात्री. गुरू पाहायचा होता. दुर्बीण साधीच होती, पण आमच्यापैकी प्रत्येकाचा हात थोडाफार थरथरत असल्यामुळे गुरू डोळ्यांसमोर नुसता नाचत होता. आयुष्यभर यंत्रशाळेत काम केलेले एक सदस्य तोवर गप्प उभे होते. त्यांनी आपली काठी जमिनीत रोवली, तिच्या मुठीवर दुर्बीण टेकवली, कोपर छातीशी धरायला लावले आणि श्वास सोडून झाल्यावर पाहायला सांगितले. गुरूच्या शेजारी तीन बारीक ठिपके स्थिर दिसले. गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये हेच चंद्र पाहून रोज रात्री त्यांच्या जागा टिपून ठेवल्या होत्या, म्हणून आम्हीही त्या टिपल्या. दुसऱ्या रात्री पाहतो तो चार ठिपके, आणि तेही वेगळ्या जागी! त्यांतला सर्वांत आतला चंद्र दोन दिवसांच्या आतच गुरूभोवती एक फेरी पूर्ण करतो, त्यामुळे चित्र रोज बदलते, हे वाचून कळणे वेगळे आणि आपल्या पेन्सिलीने टिपलेला ठिपका हललेला पाहणे वेगळे.

घरी परतण्यापूर्वी त्या गृहस्थांनी वही मागून घेतली आणि उजव्या रकान्यात पहिली ओळ लिहिली : ‘वस्तू स्थिर कशी धरावी’. ते आता हयात नाहीत. आज ते अक्षर पाहिले आणि राहवले नाही, म्हणून हे लिहितो आहे. ज्यांनी निवृत्तीनंतर कोणत्याही गटासोबत काही शिकले असेल, जवळपास हिंडले असेल, त्यांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत. गट जमला नसेल तर तेही लिहावे.

सुईदोरा

जमाखर्च काका, तो कोरा रकाना मला चांगलाच ओळखीचा आहे. गटाच्या अर्जात ‘निवृत्त होण्यापूर्वीचा व्यवसाय’ असा एक प्रश्न होता आणि तिथे काय लिहावे ते मला सुचेना, कारण मी पगाराची नोकरी कधी केलीच नाही. घरच्या कामातून कोणी निवृत्तही होत नाही. मी ती जागा तशीच सोडली आणि दोन महिने मागच्या खुर्चीवर बसून ऐकत राहिले.

एके दिवशी ठरलेले वक्ते आजारी पडले आणि माझ्याकडे पाहून कोणीतरी म्हणाले, ‘ताई, तुम्ही शिवण करता ना, तेच सांगा.’ मी पिशवीतला चौकोनी रुमाल काढला. समोरासमोरच्या कडा धरून ओढला तर तो जवळजवळ ताणला जात नाही, पण तिरप्या कोपऱ्यांना धरून ओढला की सहज लांबतो; म्हणून गळ्याची पट्टी नेहमी उरेब (तिरपी) कापतात, म्हणजे ती वळणावर चुण्या न पडता बसते. मला वाटले, पाच मिनिटांत विषय संपला. पण गटातल्या एका निवृत्त अभियंत्यांनी रुमाल मागून घेतला आणि उभे-आडवे धागे मिळून जो चौकोन होतो, तो तिरपे ओढल्यावर कसा चेपतो, बाजूंची लांबी न बदलता कोन कसे बदलतात, ते काढून दाखवले. मी चाळीस वर्षे जे हातांनी जाणत होते, त्याचे कारण मला त्या दिवशी कळले, आणि त्यांना गळ्याची पट्टी कशी लावतात ते कळले. त्या दुपारी एकूण एक तास आणि वीस मिनिटे आम्ही एका रुमालावर बोललो. त्यानंतर मी पुढच्या रांगेत बसू लागले.

पानोपानी

आमच्या गटाची सहल म्हणजे एक बाग आणि तिच्यातली ठरावीक अकरा झाडे. वर्षभर दर पंधरवड्याला त्याच झाडांपाशी जायचे, असा नियम आहे. सुरुवातीला मी कंटाळून दोन वेळा गेलोच नाही, कारण सहल म्हटली की काहीतरी लांबचे आणि मोठे पाहायचे असते, अशी माझी समजूत होती.

मग एका सदस्येने मला पानाचा डोळा दाखवला. एका देठावर अनेक लहान पाने दिसतात तेव्हा ती सुटी पाने आहेत की एकाच पानाचे भाग आहेत, हे मला आयुष्यात कधी कळले नव्हते. तिने भिंग दिले आणि देठाच्या बेचक्यात पाहायला सांगितले. जिथे देठ फांदीला जुळतो तिथे एक बारीक कळी असते. छोट्या पर्णिकांच्या बुडाशी ती नसते. म्हणजे ज्याला मी वीस पाने समजत होतो ते एकच पान होते. त्या दिवशी आम्ही दीड तासात फार तर दोनशे पावले चाललो असू, पण घरी जाताना वाटेतल्या प्रत्येक झाडाची बेचकी मी वाकून पाहत होतो. एकच झाड वारंवार पाहिल्याने पालवी कोणत्या बाजूने आधी फुटते, एक फांदी मागे का राहते, हे प्रश्न आपोआप पडू लागतात. लांबच्या सहलीत मला असे प्रश्न पडल्याचे आठवत नाही.

धीमी चाल

आमच्या गटाच्या पहिल्या तीन सहली फसल्या, कारण जे चपळ होते ते पुढे गेले आणि उरलेले धापा टाकत मागे राहिले. पुढचे लोक एखाद्या जागी थांबून मागच्यांची वाट पाहत, मागचे येऊन पोहोचले की लगेच निघत. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना ती मिळे आणि ज्यांना होती त्यांना अजिबात मिळत नसे. माझा गुडघा दुखत असल्यामुळे हे माझ्या फार लवकर लक्षात आले, पण बोलायला संकोच वाटला आणि मी येणेच बंद केले. कारण विचारायला घरी आलेल्या बाईंना मी ते सांगितले. तेव्हापासून सर्वांत हळू चालणारी व्यक्ती सर्वांत पुढे असते आणि तिला ओलांडून कोणी जात नाही. वाट ठरवणारे दोघे आदल्या आठवड्यात ती वाट स्वतः चालून येतात आणि बसायला बाक कुठे आहेत, स्वच्छतागृह कुठे आहे, पायऱ्यांना कठडा आहे का, हे लिहून सर्वांना कळवतात. स्वच्छतागृहाचा उल्लेख आवर्जून करते, कारण अनेक जण घराबाहेर पडत नाहीत त्यामागे तेच एक कारण असते आणि ते कोणी बोलून दाखवत नाही.

सुईदोरा

धीमी चाल ताई, अगदी खरे. माझी जाऊ याच कारणाने कुठेही येत नव्हती. तुमची ही पद्धत मी आमच्या गटात सांगते.

कानोसा

चालण्याबद्दल लिहिले आहे, म्हणून ऐकण्याबद्दल लिहितो. वयानुसार ऐकू येणे कमी होते तेव्हा बहुधा वरच्या पट्टीचे सूर आधी जातात, त्यामुळे आवाज ऐकू येतो पण ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने निसटतात आणि शब्द कळत नाही. समोरचा मोठ्याने बोलला तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही. मी दोन वर्षे हसून मान डोलावत बसलो आणि घरी जाऊन पत्नीला काही सांगता येत नसे. आमच्या गटाने खुर्च्या घोड्याच्या नालेच्या आकारात मांडल्या, बोलणाऱ्याने खिडकीकडे पाठ न करता तोंड करायचे असे ठरवले, म्हणजे ओठांवर उजेड पडतो, आणि एका वेळी एकानेच बोलायचे हे कटाक्षाने पाळले. एवढ्यानेच मला पुष्कळ कळू लागले. श्रवणयंत्र मी नंतर घेतले. ते घेण्याइतका धीर मात्र या गटामुळे आला.

जुनी वही

जमाखर्च यांनी न जमलेल्या गटांबद्दलही लिहायला सांगितले आहे, म्हणून लिहिते. आमच्या पहिल्या गटात दर आठवड्याला विद्वानांचे व्याख्यान होई, शंभर-सव्वाशे लोक येत आणि ऐकून घरी जात. व्याख्याने खरोखर चांगली असत. वर्षभराने शेजारच्या खुर्चीवर नेहमी बसणारे एक गृहस्थ येईनासे झाले, तेव्हा मला त्यांचे नावसुद्धा ठाऊक नव्हते आणि चौकशी करावी तर कोणाकडे, तेही कळेना. सगळा कारभार एकाच सज्जन माणसाच्या हाती होता. ते आजारी पडले आणि गट तीन आठवड्यांत बंद झाला, कारण किल्ली, सदस्यांचे दूरध्वनी क्रमांक आणि पुढच्या वक्त्यांची यादी यांतले काहीही दुसऱ्या कोणाकडे नव्हते. त्यांनी फार कष्ट घेतले होते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

दुसरा गट काढताना आम्ही थोडे वाचन केले, तेव्हा कळले की हा प्रश्न आपल्याआधी इतरांनाही पडलेला आहे. फ्रान्समध्ये तुलूज इथे 1973 मध्ये प्येर व्हेलास यांनी ज्येष्ठांसाठी विद्यापीठाचे वर्ग सुरू केले, ते विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या आधाराने चालत. ही कल्पना 1980 नंतरच्या एक-दोन वर्षांत ब्रिटनमध्ये पोहोचली तेव्हा इतिहासकार पीटर लॅस्लेट, समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग आणि शिक्षणतज्ज्ञ एरिक मिडविंटर यांनी ती वेगळ्या पद्धतीने मांडली : परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, प्रवेशासाठी शिक्षणाची अट नाही, आणि जो शिकवतो त्याने शिकायचे व जो शिकतो त्याने शिकवायचे. आम्ही ही दुसरी वाट धरली. प्रत्येक विषयाला दोन जण जबाबदार असतात, किल्ल्या तिघांकडे असतात आणि कोणतेही काम एका व्यक्तीकडे दोन वर्षांपेक्षा जास्त काळ राहत नाही. काही बैठका अगदी फिक्या होतात, हे मान्य करायला हवे. सदस्याने तयार केलेला विषय तज्ज्ञाच्या व्याख्यानाइतका नेटका नसतो. पण कोणी सलग दोन वेळा आले नाही तर त्याच संध्याकाळी त्याच्या घरी फोन जातो.

जमाखर्च

जुनी वही ताई, शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांबद्दल वाचून मन भरून आले. आमच्याकडेही तो फोन आहे. पत्नी गेली तेव्हा मी महिनाभर गटात गेलो नव्हतो. सांत्वनाचे बोलणे माझ्या कानांवरून नुसते जात होते. मग एका सदस्यांचा फोन आला की पुढच्या सहलीचा हिशेब जुळत नाही, येऊन पाहाल का. मी गेलो, आकडे जुळवले आणि परत येताना लक्षात आले की त्या तासाभरात मी कोणाशी तरी नीट बोललो होतो. त्यानंतर ‘घरखर्चाचा हिशेब सहा ओळींत कसा ठेवावा’ हे मी उजव्या रकान्यात लिहिले.

सायंतारा

काका, काळजी घ्या. दुर्बीण कोणती घ्यावी हे कृपया सांगाल का? दुकानदार जास्त पट मोठे दाखवणारीच घ्या असे म्हणतात.

जमाखर्च

आमची 8×42 आहे, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर असलेली. जितके मोठे दिसते तितकी हाताची थरथरही मोठी दिसते, म्हणून टेकू नसेल तर आठपटीच्या पुढे जाऊ नये असे माझे मत आहे. वजन हातात धरून पाहा आणि चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसते का तेही पाहा. मैदानावर गेल्यावर निदान अर्धा तास डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी; आपल्या वयाला त्याहून थोडा जास्तच वेळ लागतो. पायाखालची वाट दिसण्यापुरता लाल काचेचा मंद दिवा चालतो, पांढरा अजिबात नको.

खिडकीपाशी

मला सहलींबद्दल लिहिता येणार नाही, कारण गेली तीन वर्षे यजमान अंथरुणाला खिळून आहेत आणि मला घर सोडता येत नाही. गटातून नाव काढून टाका असे मी कळवले होते. त्यांनी नाव काढले नाही; उलट दोघी जणी घरी आल्या आणि म्हणाल्या की गटाला एका खिडकीची गरज आहे, जिच्यात वर्षभर ऊन येते आणि जिच्यापाशी कोणीतरी रोज असते.

दर रविवारी घड्याळात बरोबर साडेनऊ वाजता खिडकीतून आत पडणाऱ्या उन्हाचा ठिपका फरशीवर जिथे असेल तिथे मी खूण करते आणि तारीख लिहिते. पहिले दोन महिने ठिपके नुसते एका दिशेने सरकत गेले. मग ओळ वळू लागली. वर्ष पूर्ण झाले तेव्हा फरशीवर एक लांबट, तिरपा, एका बाजूला मोठा आणि दुसऱ्या बाजूला लहान असा इंग्रजी आठचा आकडा उमटला होता. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा पुरती गोल नाही, या दोन कारणांमुळे सूर्य आपल्या सरासरी वेळेच्या कधी पुढे तर कधी मागे असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जवळजवळ सोळा मिनिटे पुढे आणि फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे चौदा मिनिटे मागे. वर्षाच्या शेवटी अख्खा गट माझ्या घरी आला. ती त्यांची सहल होती. यजमानांनी पलंगावरून मान वळवून पाहिले आणि कोणती खूण कोणत्या महिन्यातली ते त्यांनीच सर्वांना सांगितले, कारण प्रत्येक रविवारी ते पाहत होते.

पानोपानी

ताई, हे मी दोनदा वाचले. तुमचे यजमानही गटाचे सदस्य आहेत असे मी समजतो. आमच्या गटातल्या दोघांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी हे सुरू करायचे आहे. ठिपका कसा पाडता? खिडकीला खिळा लावला आहे का?

खिडकीपाशी

आधी खिळाच लावला होता, पण त्याच्या टोकाची सावली पुसट पडते आणि नेमकी खूण करता येत नाही. आता जाड पुठ्ठ्याला वाटाण्याएवढे भोक पाडून तो पुठ्ठा काचेवर घट्ट चिकटवला आहे, त्यातून उन्हाचा गोल ठिपका येतो आणि त्याच्या मध्यावर खूण करता येते. पुठ्ठा वर्षभर जागचा हलू देऊ नका आणि खिडकी नेहमी तितकीच बंद ठेवा. खुणा खडूने केल्या तर फरशी पुसताना जातात, म्हणून मी चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावते. ढगाळ रविवारी तो रविवार सोडून द्यायचा. वर्षभरात माझे अकरा ठिपके हुकले, तरी आठचा आकडा ओळखू येतो.

पानोपानी

आभारी आहे. येत्या रविवारी पहिला ठिपका लावतो.