‘जुना धनी’ की ‘माजी सेनापती’?

सायली_ता
मंडळी, एके ठिकाणी अडलंय. जेम्स स्किनरवरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बाप स्कॉटिश, आई राजपूत, त्यामुळे कंपनीच्या फौजेत अधिकारी व्हायची वाट बंद. म्हणून हा पठ्ठ्या शिंद्यांच्या कवायती फौजेत शिरला. तिथे आधी द बॉयन आणि मग पेराँ असे दोन फ्रेंच बोलणारे वरिष्ठ. १८०३ मध्ये इंग्रज-शिंदे युद्ध पेटलं आणि पेराँने इंग्रजी रक्ताच्या अधिकाऱ्यांना नारळ दिला. स्किनर इंग्रजांचा सेनापती लॉर्ड लेक याच्याकडे गेला, पण अट घालून गेला: शिंद्यांवर मला धाडायचं नाही.

मी लिहिलं, ‘जुन्या धन्यावर हत्यार उचलायला त्याचं मन घेईना.’ संपादकांनी ते खोडलं आणि केलं, ‘माजी सेनापतींप्रति असलेली निष्ठा व विद्यमान कर्तव्य यांत तो विभागला गेला.’ कारण काय, तर ‘धनी’ ग्रामीण वाटतं. तर दोन प्रश्न. ‘धनी’ इथे चालेल ना? आणि असल्या मनःस्थितीला आपल्याकडे एखादा मुरलेला शब्द आहे का?

खडूस_मास्तर
‘विभागला गेला’ हे सातबाऱ्यावरचं वाक्य आहे. माणूस आहे की सामाईक विहीर?

‘धर्मसंकट’ घ्या आणि मोकळ्या व्हा.

अनिरुद्ध_बी
धर्मसंकट पार झिजलाय हो. परवा चुलतभाऊ श्रीखंड घेऊ की बासुंदी यावर धर्मसंकटात होता.

शिवाय महाभारतात हा प्रसंग आहेच आणि तिथे भीष्म संकटबिंकट म्हणत नाहीत. युद्धाआधी युधिष्ठिर पाया पडायला जातो तेव्हा सरळ सांगतात, ‘अर्थस्य पुरुषो दासः’. माणूस अर्थाचा दास आहे, कौरवांनी मला अर्थाने बांधलंय. तेच पुढे द्रोण, कृप आणि शल्यही म्हणतात. मन तिकडे, अन्न इकडचं. मराठीत याला खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात. एवढं सोपं आहे.

सायली_ता
सोपं नाही. मीठ दोघांचं खाल्लंय, तीच तर गोची आहे.

मोडीवाचक
‘धनी’ बिनधास्त ठेवा. जुन्या कागदांत ‘धनी’ म्हणजे ज्याची चाकरी करायची तो. ग्रामीण वगैरे नंतरचं. पण संपादकांनी केलेला खरा घोळ वेगळाच आहे आणि तो इथे कोणी धरला नाही. ‘माजी सेनापती’ म्हणजे कोण? स्किनरचा सेनापती होता पेराँ. त्याच्याविषयी याला प्रेम असायचं कारणच नव्हतं. स्किनर मला ठेवून घ्या म्हणून त्याच्याकडे गेला होता, त्याने विश्वास ठेवला नाही. त्याच युद्धात पेराँ स्वतःच इंग्रजांच्या आश्रयाला गेला. अट होती ती दौलतराव शिंद्यांसाठी. सेनापती सुटला, धनी सुटला नाही. दोन्हींना एकच शब्द लावलात तर सगळी गंमतच जाते.

शुद्धमराठी
‘स्वामिनिष्ठा’ असा नितळ शब्द असताना मीठ, इमान, चाकरी कशाला? इमान अरबी, चाकरी फारसी. खुद्द शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला?

मोडीवाचक
कोश झाला, ‘प्रधान’ हा शब्दही होता, तरी पुढे शंभर वर्षं आपण ‘पेशवे’च म्हणत राहिलो. फडणीस, चिटणीस, शिलेदार, सगळं तिकडचंच. आणि महिन्याला तुम्हाला जो ‘पगार’ मिळतो तो पोर्तुगीज. त्याला वेतन म्हणत असाल तर गोष्ट वेगळी.

शुद्धमराठी
मी वेतनच म्हणतो.

खडूस_मास्तर
आणि बायको?

कोरेगावकर
आमच्या सातारा भागात जुन्या बायका अजून नवऱ्याला ‘धनी’ म्हणतात. तेव्हा ‘जुना धनी’ वाचून आमची आजी विचारेल, मग ह्याचं दुसरं लगीन कधी झालं?

गंमत सोडा. वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावच्या सेंटरचं बोधवाक्य ‘कर्तव्य, मान, साहस’. पाटीवर कर्तव्य, पण तोंडात कायम ‘ड्यूटी’. निवृत्तीनंतरही जुन्या सीओसाहेबांचा, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरचा, फोन आला की उभे राहूनच बोलायचे, एका हाताने बनियन खाली ओढत. पुढे ते एका साखर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला लागले. गाळप हंगाम, उसाच्या बैलगाड्यांची रांग आणि त्यातून एक जीप थेट आत निघाली. आत तेच सीओसाहेब, कुणा संचालकाला भेटायला आलेले. वडिलांनी कडक सॅल्यूट ठोकला. साहेबही ओळखून हसले, ड्रायव्हरने गियर टाकला, तर वडिलांनी आडवा बांबू काही वर केला नाही. रजिस्टर पुढे धरलं. ‘साहेब, नाव, वेळ आणि सही.’ साहेबांनी निमूट सही केली, वेळ चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे घातली आणि ‘शाबास’ म्हणाले.

घरी येऊन वडील काय म्हणाले? निष्ठा नाही, कर्तव्य नाही. म्हणाले, ‘आज लई पंचाईत झाली.’

सायली_ता
पंचाईत! हा मनातही आला नव्हता.

अनिरुद्ध_बी
हलका आहे. पाहुणे आले आणि दूध नासलं की पंचाईत होते. माणसाने रणांगणावर उभं राहून पंचाईत झाली म्हणायचं?

कोरेगावकर
रणांगणावरचा फौजीच हलकं बोलतो, भाऊ. जड शब्द भाषण करणाऱ्यांचे.

मोडीवाचक
पंचाईत म्हणजे मूळ पंचायतच. पाच जणांना बसवून तोडगा काढायला लागावा असा मामला. एकट्याच्याने सुटत नाही. माझ्या मते अगदी चपखल. माणसाच्या डोक्यातच पंच बसलेत आणि त्यांचं एकमत होत नाही.

शुद्धमराठी
हे तुम्ही आत्ता रचलंत.

मोडीवाचक
पंच रचले, व्युत्पत्ती नाही.

टेकडीवरचा
मला ‘दोन्ही डगरींवर हात’ सुचतंय. डगर म्हणजे नदीचा काठ.

खडूस_मास्तर
त्यात लबाडी आहे. दोन्हीकडून फायदा उकळणाऱ्याला ते म्हणतात. स्किनरने तर अट तोंडावर सांगितली. ‘दोन्ही घरचा पाहुणा उपाशी’ही नको, हा उपाशी राहिला नाही. चांगली पलटण मिळाली.

सायली_ता
हो. दिल्लीजवळच्या लढाईनंतर पेराँचे घोडेस्वार लेककडे आले आणि त्यांनीच ‘सिकंदर साहेब’ आमचा प्रमुख हवा म्हणून मागितला. स्किनरला ते सिकंदर म्हणत. पुढच्या वर्षी होळकरांवर गेला तो. त्यात त्याची अट मोडत नव्हती.

टेकडीवरचा
मग धनाजी जाधवांना काय म्हणाल? ताराबाईंनी सरदारांकडून दूधभातावर शपथा घेतल्या आणि १७०७ला खेडच्या लढाईत धनाजी शाहूंना जाऊन मिळाले. ही फितुरी की निष्ठा?

मोडीवाचक
ताराबाईंचं म्हणणं, आलेला शाहू तोतया. तोतया ठरला तर फितुरी, खरा ठरला तर तोच थोरल्या महाराजांचा नातू, म्हणजे धनी. तिथे निष्ठा दुभंगलीच नव्हती, धनी दुभंगला होता. स्किनरच्या जवळपास जायचं तर १६५९चे कान्होजी जेधे बघा. अफजलखानाला मिळा म्हणून आदिलशाही फर्मान आलं. देशमुखी आदिलशाहीच्या छत्राखालची, पण आधी शहाजीराजांबरोबर काढलेले दिवस. मुलांना घेऊन ते शिवाजीराजांकडे आले आणि वतनावर पाणी सोडलं. ‘पाणी सोडणं’ बघा, यात दुविधा संपल्याचा क्षण आहे. दुविधेचा शब्द आपल्याकडे कमी पडतो, निकालाचे भरपूर आहेत.

शुद्धमराठी
‘दुविधा’ हाही हिंदीतून आलाय. मराठीत ‘द्विधा’.

अनिरुद्ध_बी
‘द्विधा मनःस्थिती’ ना? दहावीच्या निबंधातली, पाचव्या ओळीत येते ती.

घोडेगावकर
उशिरा आलो. माझा एक लाडका सिद्धांत आहे. शिव्या घाला, पण ऐका. निष्ठा कोणाशी, हे घोडा कोणाचा यावर ठरतं. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. पटलं नाही तर घोड्यासकट चालता व्हायचा. बारगिराचा घोडा सरकारी, तो जाणार कुठे? पेराँचे स्वार अख्खेच्या अख्खे लेककडे येऊन आपला सरदार स्वतः निवडू शकले ते याचमुळे. पुढे इंग्रजांनी हीच पद्धत आपल्या हिंदी रिसाल्यांत चालवली आणि नावही ‘सिल्लेदार’ असंच ठेवलं. पहिल्या महायुद्धानंतर ती मोडीत निघाली.

सायली_ता
पण स्किनरची अट घोड्यामुळे नव्हती ना? मला फक्त वाक्य हवंय हो.

शुद्धमराठी
शिलेदार हा ‘शील’पासून. शीलवान, एकवचनी योद्धा.

मोडीवाचक
अरबी ‘सिलाह’ म्हणजे हत्यार. सिलाहदार, सिलेदार, शिलेदार. शीलाचा काही संबंध नाही.

शुद्धमराठी
‘श’ कुठून आला मग?

कोरेगावकर
आमच्याकडे ‘शिपाई’ला ‘शिपाय’ म्हणतात, तिकडे मूळ ‘सिपाही’. आपल्या जिभेला ‘सि’चा ‘शि’ करायची खोडच आहे.

खडूस_मास्तर
आणि बारगीर? त्या बंगाली अंगाईतले ‘बर्गी’ म्हणजे आपलेच ना?

घोडेगावकर
आपलेच, बंगालवर चालून गेलेले नागपूरकर भोसल्यांचे स्वार. १७४१ पासून पुढची दहा वर्षं.

मोडीवाचक
फारसीत ‘बार’ म्हणजे ओझं, बारगीर म्हणजे ओझं वाहणारा. म्हणजे मुळात जनावर, घोडाच. स्वाराला हा शब्द मागाहून चिकटला.

घोडेगावकर
मग माझा सिद्धांत खराच की! बंगाल्यांनी आपल्याला घोडा म्हटलं.

शुद्धमराठी
अश्व म्हणा.