फक्त आईनेच जपायचं?
एका ताईंनी लिहिलंय की गरोदरपणाची टेस्ट पॉझिटिव्ह आली की मग रंग-थिनरपासून लांब राहायचं, पण बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांतच बंद होते, तोवर कित्येकींना पत्ताही नसतो. जुन्या रंगातलं शिसं तर हाडांत वर्षानुवर्षं साठतं आणि गरोदरपणात रक्तात उतरतं. आणि बाबांचं काय हो? शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. 1977 मध्ये कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे कीटकनाशक बनवणाऱ्या कामगारांची तपासणी झाली तर कित्येकांत शुक्राणूच नव्हते! आपल्याकडे गोव्यात वास्कोला बार्जवर (मालवाहू बोटींवर) जुना रंग घासायचं आणि पेंटिंगचं काम करणारे तेच धूळ बसलेले कपडे घालून घरी येतात आणि बायको ते हाताने धुते (हे कोणी बोलतच नाही). निदान प्लॅनिंगच्या आधी तीन महिने तरी कपडे बार्ज-दुरुस्तीच्या यार्डातच बदला, आणि शिशाचं काम असेल तर दोघांचीही रक्ततपासणी करून घ्या.