बीसीआर-एबीएल ०.०८ वरून ०.१५ झालाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मला सीएमएल (रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) आहे, पंधरा महिने झाले इमॅटिनिब ४०० ची गोळी रोज एक चालू आहे. पीसीआरचा (रक्तातलं बीसीआर-एबीएल हे या कॅन्सरचं जनुक किती आहे ते मोजणारी टेस्ट) आकडा तीन महिन्यांनी ७ टक्के होता, सहाव्याला ०.६, आणि बाराव्याला ०.०८ आला तेव्हा डॉक्टर म्हणाले ०.१ च्या खाली गेलं म्हणजे मेजर रिस्पॉन्स, त्या रात्री कितीतरी महिन्यांनी शांत झोप लागली होती. आणि काल रिपोर्ट उघडला तर ०.१५. मोबाईलवर तो आकडा बोटांनी मोठा करून करून पाहिला, पॉइंट चुकीच्या जागी तर नाही ना म्हणून.

सीबीसी (रक्तपेशींची साधी मोजणी) तसं बरं आहे, पांढऱ्या पेशी ३८००, प्लेटलेट १ लाख ३० हजार, जरा कमीच पण गोळीने असं होतं हे आता माहितीये. पीसीआर फार बारीक पकडतो, म्हणून सीबीसी बघून निश्चिंत व्हायला मन तयार होत नाही. यावेळी लॅब बदललीये आणि या रिपोर्टवर इंटरनॅशनल स्केल (वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकाच मापात आणणारं) असं लिहिलंय, जुन्यावर ते कुठेच दिसत नाही, मग दोन आकड्यांची तुलना करायची तरी कशी? आणि खरं सांगायचं तर मधे तापात चार-पाच गोळ्या चुकल्यात, ते डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही, सांगणार आहे.

अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, गोळी चालूच आहे. कुणाचा आकडा असा थोडा वर जाऊन परत खाली आलाय का? टेस्ट परत किती दिवसांनी केली, त्याच लॅबमधे का? आणि म्युटेशनची टेस्ट (गोळी लागू पडणार नाही असा बदल त्या जनुकात झालाय का ते बघणारी) डॉक्टर कधी सांगतात? प्लीज अनुभव असेल त्यांनी लिहा.